उताराचा कागद

सहा दिवस मी डोंगर टनांत मोजतो.
क्रशरच्या फाटकाशी माझा वजनकाटा.
ट्रक चढतो, हुंकारतो, स्थिर होतो,
मी पावती फाडतो: बेचाळीस टन, तीनशे किलो.
सतरा वर्षांत किती डोंगर असे
माझ्या बॉलपेनाखालून समुद्रात भर घालायला गेले
विचारू नका.

रविवारी डोंगर मला मोजतो.

एप्रिलपासून सायकल खोलीत
छताच्या हुकाला टांगलेली,
तिच्या हँडलवर पाच जणांचे टॉवेल वाळतात.
मग नोव्हेंबरात एका रात्री वारा फिरतो,
एसी बंद असूनही झोप लागते,
आणि सकाळी दुकानातून रोडेलचा निरोप:
चेन बदललीय, ये.

पहाटे पावणेचारला निघतो आम्ही तिघे.
रास अल खैमा झोपलेलं,
मिनारावरचा हिरवा दिवा, बेकरीची पहिली भट्टी,
खारफुटीकडून येणारी ओली थंडी
बोटांच्या पेरांत बसते.
पुढे लोकेंद्र. तो जुमल्याचा.
अंधारात जैसचा कडा दिसला की
दरवेळी म्हणतो, "ही तर टेकडी."
आणि दरवेळी अठराव्या किलोमीटरला
त्याचं बोलणं थांबतं.

चढावर मी पुढच्या चाकाकडे बघतो.
टायरखालून डांबर येत राहतं,
कुणीतरी वरून हळूहळू सोडत असल्यासारखं.
कडेला राखाडी दगड, उजाडताना किंचित तांबूस.
सोमवारी हाच खडी होऊन माझ्याकडे येणार आहे.
आम्ही एकमेकांना ओळख देत नाही.

रुकय्या फोनवर म्हणते,
"गावात बाजाराला जायला रिक्षा लागायची तुम्हाला,
आणि तिकडे एक्कावन्नाव्या वर्षी डोंगर?"
खरं आहे.
गावात कुठेतरी पोचायचं असायचं.

चोविसाव्याच्या वळणावर सुहेल अल शेही,
पिकअपच्या मागे शेळ्या, हातात छोट्या कुऱ्हाडीची काठी.
थर्मासमधला कहवा, तीन खजूर.
तो आमच्या सायकली एका बोटाने उचलून बघतो,
हसतो, आणि खाली ठेवतो.
रस्ता नव्हता तेव्हा तो इथून
पाठीवर पीठ घेऊन चढायचा.
आम्ही काय बोलणार? कहवा पितो.

माथ्यावर चार अंश.
लोक चढाला भितात. भ्यावं उताराला.
वर येताना घाम आपला असतो,
वळलात की तो थंडीच्या मालकीचा.
दात वाजतात, ब्रेकवरची बोटं परकी होतात,
डोळ्यांतून पाणी येतं आणि कानापर्यंत जातं.

म्हणून रोडेलने शिकवलेली युक्ती:
सदऱ्याच्या आत, छातीशी, वर्तमानपत्र.
तो इथलाच अरबी पेपर घालतो,
लोकेंद्र नूडल्सच्या खोक्याचा पुठ्ठा.
माझ्याकडे मुनाफ घेऊन आला ते पार्सल होतं,
दाभोळचे सुके बोंबील, आमसुलं,
आणि भोवतीचा जुना कागद, मिठाने कडक,
मी घडी करून गादीखाली जपलेला.

तीस किलोमीटर त्याने वारा अडवला.
बोंबलाच्या वासाने
लोकेंद्रने माझ्या मागे राहायचं सोडलं.

दुपारी खोलीत सदरा काढला,
कागद ओला, फाटका, छातीला चिकटलेला.
सोलून काढला तर खाली शाई,
उलटी अक्षरं, मलाच वाचता येईनात.
बेसिनवरच्या आरशात सरळ झाली.
डाव्या बाजूला कुठल्याशा जेटीचं काम रखडलेलं,
बरगडीवर अर्धी भरतीची वेळ,
आणि मधोमध, ठळक टाइपात:
पाहिजेत.
खाली बारीक, वेल्डर, ड्रायव्हर,
मग घामाने पुसलेलं.

उभा राहिलो थोडा वेळ.
असाच एक चौकोन कापून
मी खिशात घालून निघालो होतो एकदा.

बाहेरून इस्माईलने दार ठोकलं, त्याला आंघोळ करायची होती.
पहिल्या साबणाला ते गेलं नाही.
दुसऱ्याला गेलं.